निळ्या फितीचा ऊस

३० सप्टेंबर २०२३

आज क्षमावाणी, आम्हा जैनांचा क्षमा मागायचा दिवस. दिसेल त्याला हात जोडून 'वर्षभरात चुकलंमाकलं असेल तर क्षमा असावी' म्हणत फिरले. ज्यांनी माझी क्षमा मागायला हवी होती त्या सासरच्या मंडळींचीही मीच मागून टाकली, वाद नको म्हणून. विश्रामबागेत लॅबला पोचल्यावर लक्षात आलं, ज्यांचे मी खरोखर प्राण घेतले ते राहूनच गेले. बाटल्या-भांडी वाफेवर उकळून रोज कोट्यवधी जीवाणू मारते आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवायला गावी पळते. अंधारात ताटात किडा पडला तर पाप लागतं ना.

वही सुरू करायचं कारण मात्र वेगळं आहे. आजपासून चाचणीचा प्लॉट माझ्या ताब्यात. आधीचे साहेब पुण्याला बदलून गेले. धैर्यशील साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "राजमती मॅडम, एक डोळासुद्धा कुंपणाबाहेर जाता कामा नये."

उसाचं दुखणं तेच आहे. त्याचं बी पेरत नाहीत. कांडीवरचा एक डोळा मातीत गेला की नवा ऊस उभा राहतो, आईसारखा हुबेहूब. आणि आमचा ऊस साधा नाही. त्याच्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तरी तो मरत नाही. शेजारची हरळी जळते, लव्हाळा जळतो, हा आपला डुलत उभा. विकायची परवानगी नाही, फक्त चाचणीची आहे. डोळा बाहेर गेला की प्लॉट बंद, प्लॉट बंद की लॅब बंद, आणि सासरच्या कपाळावरच्या आठ्या झेलत टिकवलेली माझी नोकरीही बंद.

आणि हा प्लॉट आहे कुठे? आमच्याच गावच्या शिवेला. ज्या गावात पाणी मागितलं तर माणूस एक वेळ सबब सांगेल, पण बांधावरून कुणी 'बेणं मिळंल का?' म्हणजे लावायला ऊस मिळेल का, असं विचारलं आणि समोरचा नाही म्हणाला, तर त्या नकाराची आठवण त्याच्या नातवाच्या लग्नातही निघेल. चांगला ऊस दिसला की मागायचा आणि मागितला की द्यायचा. तिथे मी कुलूप घेऊन बसणार.

६ ऑक्टोबर

आज माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती अमलात आणली. लिहून ठेवते, कारण हिचं कौतुक करायला दुसरं कुणी नाही.

प्लॉटमध्ये दोन प्रकारच्या ओळी आहेत. काही आमच्या, जीनवाल्या. बाकीच्या त्याच वाणाच्या साध्या उसाच्या, तुलनेसाठी. दिसायला जुळी भावंडं. मी साध्या ओळींना निळ्या फिती बांधल्या आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाला पाटी लावली, 'या ओळीस हात लावू नये.' खऱ्या ओळी तशाच उघड्याबोडक्या ठेवल्या. हात लावू नये म्हटल्यावर माणूस कुठे हात लावतो, हे समजायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. चोर आलाच तर निळी फीत बघून साधा ऊस नेईल आणि आपण काय नेलं या आनंदात मरेल.

खरं काय ते फक्त मला आणि धैर्यशील साहेबांना माहीत. फाटकावरच्या जोतिबांनाही सांगितलेलं नाही. जोतिबा कोरेगावकडचे, फौजेतून निवृत्त. मला बघितलं की अजूनही टाचा जुळवतात. मला ते आवडतं, हे इथेच लिहिते.

१९ ऑक्टोबर

आज एक आश्चर्य घडलं. वर्धमान डबा घेऊन प्लॉटवर आला. (तोंडावर अहो, वहीत वर्धमान. वहीला एवढी तरी मोकळीक हवी.) इतक्या वर्षांत या माणसाने माझ्या नोकरीबद्दल विचारलेला एकमेव प्रश्न म्हणजे 'सुट्टी हाय का आज?' आणि आज बांधावर पथारी टाकून म्हणतो, "नेमकं करता काय गं तुमी ह्या उसाला?"

मी उताणीच पडायची बाकी होते. सांगत सुटले. उसाचा शेंडा घ्यायचा, पानं सोलत आतल्या कोवळ्या सुरळीपर्यंत जायचं, तिच्या पातळ चकत्या करायच्या, त्या साखर आणि संप्रेरकं घातलेल्या जेलीवर ठेवायच्या. काही आठवड्यांत चकती विसरून जाते की ती पान होती. तिच्यावर शिळ्या साबुदाण्यासारखा दाणेदार गोळा धरतो.

"इसरती? अशी कशी इसरती?"

"माणसं नाही का लग्न झाल्यावर विसरत."

हसला. मग मी सांगितलं, मातीत एक जीवाणू असतो, त्याला हे तणनाशक बाधत नाही. त्याचा तेवढा एक जीन काढायचा, धुळीपेक्षाही बारीक अशा सोन्याच्या कणांवर चिकटवायचा आणि वायूच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने ते कण त्या गोळ्यांवर झाडायचे.

"सोनं? खरं सोनं?"

"खरं."

"बायकोला पाटल्या करायच्या म्हटलं की आमची छाती धडधडती, आन तुमी उसाला सोनं घालताय व्हय!"

पुढचं त्याला फार आवडलं. बंदूक मारल्यावर फार थोड्या पेशींत तो जीन बसतो. त्या ओळखायच्या कशा? तर जेलीत तेच तणनाशक घालायचं. ज्यांच्यात बसला नाही त्या काळ्या पडून मरतात. उरलेल्यांना कोंब आणायचा, मुळं फोडायची, बाटलीतून ट्रेमध्ये, ट्रेमधून शेडनेटखाली, तिथून रानात.

"म्हंजी आदी समद्यांस्नी मारायचं, आन ज्ये उरंल ते आपलं."

"अगदी तसंच."

उसाच्या ओळींवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "निळ्या फितीचा त्यो तुमचा, न्हवं?"

मी "हूं" म्हटलं. हूं म्हणजे हो नव्हे. नवऱ्याशी खोटं बोलले, असं माझ्यावर कुणाला सिद्ध करता येणार नाही.

१४ नोव्हेंबर

पाडवा. ओवाळणीत साडी मिळाली, रंग नेहमीप्रमाणे दुकानदाराने निवडलेला. पण खरी ओवाळणी वेगळीच आहे. महिना होत आला, हा माणूस जवळजवळ रोज डबा आणतो. मी जेवते तोवर उसात फेरफटका मारतो, मग डबा स्वतःच उचलतो, घरी नेतो आणि (इथे वाचणाऱ्याने बसून घ्यावं) स्वतः घासतो. परवा मी घासायला घेतला तर हातातून काढून घेतला. डब्याच्या तळाला ओलं फडकं असतं. चपात्या मऊ राहाव्यात म्हणून, म्हणाला. या वयात असलं प्रेम अंगावर आलं की माणूस गोंधळतो. मी हिशेब लावला की माझी बढती त्याला मानवली. पुरुषाला बायकोच्या कामाचा अभिमान वाटू शकतो, फक्त थोडा उशीर लागतो.

२ डिसेंबर

चोरी झाली आहे.

वाळलेल्या पानांचं पाचट सोलून कांड्या तपासत होते. ऊस उभा, पानं हिरवी, बाहेरून काही कळणार नाही. पण पाचटाखाली, डोळ्याच्या जागी, चंद्रकोरीसारखे खड्डे. कुणीतरी धारदार हत्याराने एकेक डोळा अलगद उचलला आहे आणि पाचट परत नीट झाकून ठेवलं आहे. ओळीमागून ओळ. उठून ओळींच्या तोंडाशी गेले. मग बघितलं. सगळ्या निळ्या फितीच्या ओळी. आमच्या खऱ्या ओळीतला एकही डोळा गेलेला नाही.

मी तिथेच सरीत बसून हसले. चोराने साध्या उसाचे डोळे जिवापाड जपून नेले असतील, रोपं केली असतील. एक दिवस ऐटीत पाठीला पंप लावून त्यावर तणनाशक मारील आणि बघत बसेल. त्याचा चेहरा डोळ्यासमोर आला आणि पुन्हा हसू आलं.

५ डिसेंबर

धैर्यशील साहेबांना सांगितलं. ते खुर्चीतून उठून दार लावून आले.

"साधाच गेला ना? नक्की?"

"नक्की."

"मग चोरी कसली? अहवालात उंदीर लिहा."

"उंदीर सुरी वापरत नाहीत, साहेब."

"मॅडम, चोरी म्हटलं की चौकशी, चौकशी म्हटलं की प्लॉट बंद. उंदीर म्हटलं की औषधाच्या गोळ्या. तुम्हीच ठरवा."

मी उंदीर लिहिले. पण आत ये-जा असलेला उंदीर एकच आहे. चोवीस तास फाटकावर जोतिबा. दुसरं कोण?

७ डिसेंबर

जोतिबांची फलटणच्या नर्सरीवर बदली केली. कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. ट्रंक मोटरसायकलला बांधली, टाचा जुळवल्या. मग म्हणाले, "मॅडम, एक बोलू? रागवायचं न्हाई."

"बोला."

"मालकांचा डबा येतो तवा हलका असतो आन जातो तवा जड."

मला वाटलं, मी अन्न टाकते म्हणून बोलतात. फौजेतल्या माणसाला ताटात टाकलेलं सहन होत नाही. म्हटलं, "वय झालं, जेवण जात नाही आता."

माझ्याकडे बघत राहिले. "बरं मॅडम. आर्डर इज आर्डर," म्हणाले आणि गेले.

जाताना चोराने एवढं सरळ बघावं याचं जरा नवल वाटलं.

२१ जानेवारी २०२४

डबा बंद झाला. वर्धमानला वेळ नाही, नदीकडच्या रानात बेणमळा केला आहे. कुठलं वाण विचारलं तर म्हणाला, फलटणकडून आणलंय. बेणमळा म्हणजे बियाण्यापुरता राखलेला ऊस. त्याच्यातला एकेक डोळा मोलाचा. स्वतः खुरपतो, कुणाला आत घेत नाही. मी एकदा रान बघायला येते म्हटलं तर म्हणाला, "चिखुल हाय लय. तुझी चप्पल खराब हुईल." एवढी काळजी.

११ ऑगस्ट

प्लॉटमध्ये यंदा काही गेलं नाही. आमचा ऊस फवारणीनंतरही असा उभा आहे की बघून माझं मलाच भ्यायला होतं. जिथे तिथे तण राखेसारखं आणि मधे हा. जे काही मरायला हवं असतं ते सगळं मेल्यावर जो उरतो, त्याच्याकडे बघताना टाळ्या वाजवाव्यात की पाठ फिरवावी हे अजून ठरलेलं नाही. साहेबांनी फोटो मागवले. टाळ्या त्यांनी वाजवल्या.

२७ ऑक्टोबर

गाव माझ्याशी गोड वागायला लागलं आहे. हा बदल तपासायला हवा.

नानासो, म्हणजे वर्धमानचा जिवलग आणि गावाचा भोंगा, मी स्कूटरवरून जाताना बैलगाडी बाजूला घेतो. एरवी तो मंत्र्याच्या गाडीलाही वाट देणार नाही. हरणाबाईने काकड्यांची पाटी पाठवली. तिचा मुलगा शिवतेज फौजेत, नवरा नाही, रान एकटी बघते. तिच्या काकड्या म्हणजे तिच्या घामाच्या. नको म्हटलं तर निरोप आला, "अक्कांस्नी म्हणावं, तुमचं उपकार जल्मभर फिटायचं न्हाईत."

कसले उपकार? आठवून बघितलं तर गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीत मी संतुलित खतांवर भाषण दिलं होतं. अर्धे लोक झोपले होते, म्हणून वाटलं वाया गेलं. पण नाही, मुरलं. यंदा गावात ऊस लावायची धांदलही अशी की विचारू नये. आणि गंमत म्हणजे बेणं बहुतेकांनी आमच्या बेणमळ्यातून नेलं. वर्धमान मोठ्या मनाचा माणूस. कुणाला नाही म्हणाला नाही.

३ डिसेंबर

स्कूटरवरून येता-जाता दोन्ही बाजूंना कोवळा ऊस, आणि त्याच्या बरोबरीने तण. गुडघ्याला लागलंय. खुरपायला बायका मिळत नाहीत हे खरं, पण यंदा कुणी शोधतही नाही. मी नानासोला म्हटलं, "अहो, तण गिळंल उसाला. काहीतरी करा."

"करणार की अक्का. समद्यांनी एकदमच करायचं ठरलंय," म्हणाला आणि डोळा मारला. साठीच्या माणसाने डोळा मारणं चांगलं दिसत नाही.

१२ जानेवारी २०२५

आजचं आजच लिहून ठेवते.

रविवार म्हणून घरी होते. सकाळपासून गावात औषधाचा वास. नदीच्या वाटेने गेले तर रानारानात पंप. एकाच वेळी सगळे, लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे. नानासो अगदी रस्त्याकडेला होता. पंपाच्या नळीला पुढे टोपी नाही, म्हणजे औषध तणावर पडतंय तसं सरळ उसाच्या पानांवर, कोवळ्या सुरळीच्या आत. मी ओरडले, "नानासो, टोपी लावा, उसावर उडतंय!"

तो थांबून हसला. "उडू दे की! तुमी केल्यालं हाय, त्याला कशाची टोपी? निळ्या फितीचा ऊस हाय अक्का, औषिद पचवतोय त्यो."

तो बोलतच होता. वर्धमानदादांनी दिलं म्हणजे तुमीच दिलं, आमाला काय कळत न्हाई व्हय, तुमी तोंडानं बोलणार न्हाई, नोकरी हाय. गाव कवाच कुणाला बोलणार न्हाई.

घरी आले. वर्धमान न्हाणीघरासमोर पंप धूत होता. आमचंही मारून झालं होतं.

"किती जणांना दिलंत?"

"मागंल त्याला." पंप खाली ठेवला. "बेणं हाय ते. न्हाई कसं म्हणू?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला ठाऊक असतं तर तुझी नोकरी गेली असती. ठाऊकच न्हाई तर तुझ्या अंगाला काय लागतंय? मी सगळा इच्यार केल्ता." आणि मग, माझ्या तोंडाकडे बघत, थोड्या अभिमानाने, "डब्यातनं आणलं एकेक डोळं. ओल्या फडक्यात. तुझ्या त्या फौजीच्या नाकाखालनं."

"कुठल्या ओळीतून?"

"निळ्या फितीच्या. मग? येडा हाय व्हय मी, साध्यातनं आणाया?"

मी सांगितलं. फिती मी उलट्या बांधल्या होत्या हे एका वाक्यात सांगून झालं, इतकं ते सोपं होतं. बेणमळ्यावर एकदा तरी तणनाशक मारून बघायचंत, असंही म्हटलं. तो हळू म्हणाला, "बेण्यावर कोण इख मारतंय? आन तू केल्यालं. तपासायचं काय त्यात?"

मग तो नळाखाली हात धूत राहिला. हात स्वच्छ झाल्यावरही धूत राहिला.

१३ जानेवारी

अंधुक आशा होती. एखाद्या दिवशी घाईत त्याचा हात चुकला असेल, दुसऱ्या ओळीतले डोळे आले असतील. सकाळी आमच्या, नानासोच्या, आणखी काही रानांतली पानं तोडून पिशवीत भरली आणि लॅबला नेली. पान पाण्यात वाटायचं आणि त्यात कागदाची पट्टी बुडवायची. एक रेघ उमटली तर पट्टी चांगली आहे एवढंच कळतं. जीन असेल तर दुसरी उमटते.

सव्वा वर्ष मी देवाकडे मागत आले की कुंपणाबाहेरच्या पानावर दुसरी रेघ कधी न दिसो. आज प्रत्येक पट्टीवर वाकून ती शोधत होते. नोकरी जाऊ दे, लॅब जाऊ दे, पण दिसू दे. नाही दिसली. सगळ्या पट्ट्या एका रेघेच्या, स्वच्छ.

धैर्यशील साहेब मागून आले. पट्ट्या बघितल्या आणि चेहरा फुलला. "बाहेरची पानं? सगळी? अभिनंदन मॅडम! आपला माल बाहेर गेलेला नाही."

"साहेब, त्या लोकांनी उसावर फवारलंय. अख्ख्या गावाने. आपला म्हणून."

"आपला नाही ना पण?"

"नाही."

"मग आपला काय संबंध?" जाताना दारातून परत आले. "त्या फितींबद्दल कुणाशी बोलू नका. तो कंपनीचा अंतर्गत विषय आहे."

हे औषध लगेच मारत नाही. पान हिरवंच राहतं. ते आतून खाली उतरतं, मुळापर्यंत जातं, आणि आठ-दहा दिवसांनी, थंडीत आणखी उशिरा, सुरळी पिवळी पडायला लागते. तोवर मेलेला ऊस जिवंत उसासारखाच दिसतो. परत येताना दोन्ही बाजूंना बघत आले. इतका हिरवा ऊस मी कधी बघितला नव्हता.

दिवस मावळायच्या आधी हरणाबाई दारात. भोगीची भाजी आणली होती. पदर सारखा करत म्हणाली, "अक्का, काल माजा पंप नादुरुस्त हुता, माजं तेवढं ऱ्हायलं. उद्या मारू न्हवं?"

"मारू नका." आणि तिलाही सगळं सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली. मला वाटलं रडेल. पण तिचा हिशेब माझ्याआधी पुढे गेला होता.

"म्हंजी समद्यांचा जाणार."

"हो."

"आन माजा एकटीचा ऱ्हाणार."

"तुमचा तरी राहू दे."

"अक्का, मला काय येड लागलंय?" आवाज एकदम चढला. "समद्या शिवारात माजं एकटीचं रान हिरवं दिसलं तर लोक काय म्हंतील? हिला ठाऊक हुतं. अक्कांनी हिला सांगितलं, आमाला न्हाई. पोरगं तिकडं बर्फात, मी हितं एकटी. गावात ऱ्हाऊ कशी मी?"

"मी सगळ्यांना सांगते. उद्या सकाळी, डेअरीवर."

"सांगा," म्हणाली. "समद्यांनी मानलं तर मी मारत न्हाई."

भाजीचं भांडं तसंच ठेवून गेली.

वर्धमानला सांगितलं की उद्या बोलणार आहे. तो नुसता "बरं" म्हणाला.

१४ जानेवारी

सकाळी डेअरीवर दूध घालायला गाव जमतं. आज संक्रांत, त्यामुळे जो तो तिळगूळ घेऊन. मला बघून गर्दी बाजूला झाली. नानासोने माझ्या हातावर लाडू ठेवला. मी तो मुठीत धरूनच बोलले. फिती, पाट्या, साध्या ओळी, पट्टीवरची एक रेघ. आयुष्यात एवढं सरळ, एवढं बिनकाट्याचं मी कधी बोलले नव्हते. एकही टोमणा नाही. कदाचित तेच चुकलं. लोकांना माझं बोलणं ओळखू आलं नाही.

कुणी चिडलं नाही. कुणीतरी विचारलं, "मग ऊस हिरवा कसा ह्यो?" मी सांगितलं, दहा दिवस थांबा. दोघं-तिघं तिथूनच शेजारच्या रानात उतरले, पानावरून हात फिरवला आणि परत येऊन म्हणाले, "ताजातवाना हाय की."

नानासो माझ्या बाजूने बोलावं तसं बोलला. "आरं, कंपनीनं सांगाया लावलं आसंल. साहेब लोकांस्नी वास लागला, म्हणून अक्कांच्या तोंडनं भ्या घालत्यात. अक्का, तुमी घाबरू नगा. आमच्यातलं कुणी तुमचं नाव घ्याचं न्हाई."

"नानासो, मी खरं सांगतेय."

"व्हय व्हय," म्हणाला, समजूतदारपणे.

शेवटी कुणीतरी म्हणालं, वर्धमानदादा काय म्हणतोय? तो मागे किटली घेऊन उभा होता. सगळे त्याच्याकडे वळले. मीही वळले. त्याला माहीत होतं. त्या गावात माझ्याखेरीज तो एकच होता ज्याला पक्कं माहीत होतं. रात्रभर कूस बदलत होता.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बेणं मी दिलंय. मी हाय. काय भ्याचं काम न्हाई."

हायसं वाटल्यासारखी माणसं हसली. किटल्या उचलल्या, तिळगूळ वाटला, पांगली. तोही गेला. मी हरणाबाईला शोधलं, ती निघून गेली होती.

दुपारी तिच्या रानात गेले. पंप दुरुस्त करून आणला होता, पाठीला लावून बांधावर उभी होती. मी चपला काढून पहिल्या सरीत उतरले आणि उसाच्या मधोमध उभी राहिले.

"बाजूला व्हा अक्का. औषिद अंगावर उडंल."

"उडू दे."

"आवं, दादा सोता म्हणालं की, भ्याचं काम न्हाई."

"तो खोटं बोलला."

तिला ते पटलं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. पटलं आणि तरी ती हलली नाही. मग आजूबाजूच्या हिरव्या रानांकडे एकदा नजर फिरवली, पंपाचा पट्टा घट्ट केला, बांधाबांधाने चालत पलीकडच्या टोकाला गेली आणि तिथून सुरुवात केली.

ऊन चांगलं होतं, वारा पडला होता, पानं कोरडी होती. फवारणीला अगदी योग्य दिवस.